राडारोड्याचे हलके ब्लॉक : नाशिकच्या पावसात किती टिकतात?

मखमलाबादकर

मंडळी, मखमलाबादला धाकट्या भावाचं घर चाललंय. तळमजला आणि वर एक. आरसीसी सांगाडा उभा राहिला, वरचा स्लॅब पडला, आता भिंतींचं ठरवायचंय. तीन पर्याय आहेत. नेहमीची लाल वीट. सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक. आणि एका पुरवठादाराचे फोमचे हलके ब्लॉक, ज्यात वाळूऐवजी पाडकामाच्या राडारोड्याची भुकटी घातलेली आहे. तिसऱ्याचा भाव एएसीपेक्षा बराच खाली. पत्रकावर ‘५० वर्षे टिकाऊ’ असं ठळक छापलंय, खाली दाबक्षमतेचा एक आकडा आणि उरलेल्या जागेत हिरवी पानं.

सिंहस्थ २०२७ च्या तयारीत शहरात रस्तारुंदी, पाडापाडी सगळीकडे दिसतेय. तो माल रात्री कुठल्यातरी नाल्याच्या कडेला ओतला जाण्यापेक्षा भिंतीत गेलेला मला आवडेल. भावाचं म्हणणं उलटं : ‘लोकांनी पाडलेल्या भिंती मी माझ्या घरात का घालू?’

दाबक्षमता सोडून टिकाऊपणासाठी नेमकं काय विचारायचं, काय तपासायचं, हे हवंय. पुरवठादाराचं नाव इथे देत नाही, विपूतही (विचारपूस पानावरही) विचारू नका.

थोडक्यात

५० वर्षांनी ते पत्रक घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं, हे आधी विचारा.

विटेवर उभा

आमची चांदोरीकडं भट्टी होती, त्यामुळं मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगतो. भाजलेली वीट शंभर वर्षं टिकते हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही, पंचवटीत फिरून या. हे ब्लॉक सर्रास वापरात येऊन किती वर्षं झाली? वीस-पंचवीस. त्यात राडारोड्याचे तर कालचेच. ज्यात प्लास्टरचे तुकडे, टाइल्स, पीओपी, बाथरूमचा चुरा सगळं एकत्र दळलंय, त्याची हमी कोण देणार?

एक मात्र मान्य करतो. आता गाळाची चांगली माती मिळत नाही. जी वीट येते ती अर्धी कच्ची असते. हातात घेऊन ठोकली की पूर्वी खणखणीत वाजायची, आता दोन ट्रकांतून एखादीच वाजते. तेव्हा ‘लाल वीट’ म्हणून डोळे मिटून घेऊ नका, तीही तपासा.

ओळंबा

स्ट्रक्चरल डिझाइन करतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

धाग्यात तीन वेगळ्या वस्तू एका पिशवीत पडल्यात, त्या आधी सोडवू.

एएसी : फ्लाय अॅश किंवा वाळू, चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि चिमूटभर अॅल्युमिनियमची भुकटी. त्या भुकटीतून हायड्रोजन सुटतो, मिश्रण फुगतं, मग ते कापून ऑटोक्लेव्हमध्ये साधारण १८० ते १९० अंशांवर दाबाखाली वाफवतात. त्या वाफेत टोबरमोराइट नावाचे स्फटिक तयार होतात आणि ब्लॉकला ताकद आणि आकाराची स्थिरता त्यांच्यामुळे येते. यातली फ्लाय अॅश वीज केंद्रातून येते, आपल्याकडे एकलहऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ती औद्योगिक राख झाली. पाडकामाशी तिचा संबंध नाही, पण पत्रकांमध्ये दोन्ही ‘रिसायकल’ या एकाच शब्दाखाली घुसडतात.

फोमचे, म्हणजे सीएलसी ब्लॉक : सिमेंट, राख किंवा बारीक कच, पाणी आणि यंत्रातून केलेला फेस. ऑटोक्लेव्ह नाही. नुसतं पाणी मारून किंवा साध्या वाफेवर पिकवतात. तुम्हाला दाखवलेत ते हेच दिसतात.

पोकळ काँक्रीट ब्लॉक : यात राडारोड्याची खडी चालते, आणि वजन कमी होतं ते मधल्या पोकळीमुळे.

फोडलेलं काँक्रीट स्वतः काही फार हलकं नसतं. आपल्या बेसाल्टच्या खडीची सापेक्ष घनता २.८ च्या आसपास, फोडलेल्या काँक्रीटच्या खडीची २.३ ते २.५. ब्लॉक हलका होतो तो हवेमुळे. त्यामुळे ‘राडारोड्यामुळे हलका’ असं पुरवठादार म्हणाला असेल तर त्याला त्याचाच माल कळलेला नाही.

आता टिकाऊपणा. भिंतीच्या ब्लॉकचा शेवट दाबाखाली चिरडून होताना मी पाहिलेला नाही. तुमच्या घरात वजन कॉलम-बीम घेतात, ब्लॉकला फक्त स्वतःचं आणि वरच्या थरांचं ओझं असतं. बिघडतं ते पाण्याने : भिजणं, सुकणं, पुन्हा भिजणं, त्यात होणारं आकुंचन, आणि पाण्याबरोबर फिरणारे क्षार. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न सुकताना होणाऱ्या आकुंचनाचा विचारा. एएसीसाठीच्या आयएस २१८५ भाग ३ या भारतीय मानकात पहिल्या प्रतीला ०.०५ टक्के आणि दुसऱ्या प्रतीला ०.१० टक्के अशी मर्यादा आहे. आकडे क्षुल्लक वाटतात. चार मीटरच्या भिंतीला लावून बघा : ०.०५ म्हणजे २ मिमी, ०.१० म्हणजे ४ मिमी. हे २ किंवा ४ मिमी भिंतीला कुठेतरी द्यावेच लागतात, आणि बहुतेक वेळा ती कॉलमच्या कडेला उभी चीर म्हणून देते. फोमच्या ब्लॉकला ऑटोक्लेव्ह नाही आणि आत जाड खडीही नाही, त्यामुळे आकुंचन एएसीपेक्षा जास्तच असतं. त्यात राडारोड्याची भुकटी घातली की ती पाणी पिते, मिश्रणात जास्त पाणी घालावं लागतं आणि आकुंचन आणखी वाढतं.

याचा अर्थ माल टाकाऊ असा घेऊ नका. तो पुरेसा वाळल्यावरच भिंतीत गेला पाहिजे, एवढाच अर्थ.

सातपूरची ताई

ओळंबा, तुम्ही लिहिलेली कॉलमच्या कडेची उभी चीर आमच्या घरात तीन खोल्यांत आहे. इमारत एएसीची. बिल्डरचा माणूस येतो, पुट्टी भरतो, रंग मारतो, पुढच्या उन्हाळ्यात चीर जागेवर हजर. शेजारचे म्हणतात इमारत खचतेय. खरंच काळजीचं आहे का?

गिलावा

ताई, घाबरू नका. चीर सरळ उभी, सगळीकडे सारख्या जाडीची आणि बरोबर कॉलम-ब्लॉकच्या सांध्यावर असेल तर ती आकुंचनाची. खचण्याची चीर बहुधा तिरकी जाते, एका टोकाला रुंद होते, दारं-खिडक्या अडकायला लागतात. तसं काही दिसत असेल तर मात्र इंजिनियरला बोलवा.

पुट्टीने ती कधीच थांबणार नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर गिलावा काढायचा, चीर साफ करून लवचीक सीलंट भरायचं, वर फायबरची जाळी नीट चिकटवायची आणि मग नव्याने गिलावा. ज्याने भिंत बांधली त्याने हे सुरुवातीलाच करायचं असतं.

मी ठेकेदारी करतो, आमच्या लाइनीत काय होतं ते सांगतो. गाडी पावसात येते, ब्लॉक उघड्यावर मातीत उतरतात. मिस्त्री विटेच्या सवयीने वर आणखी पाणी मारतो. १:४ चा कडक मसाला, वर बीमपर्यंत गच्च भरलेला थर, आणि आठ दिवसांत गिलावा. भिंत आतून ओलीच असते. मार्च-एप्रिलमध्ये नाशिकचं ऊन चाळिशीला टेकलं की सगळं पाणी निघतं आणि भिंत आखडते. मग नावं ब्लॉकला ठेवायची.

थोडक्यात

गिलावा, तुमच्या लाइनीतला माणूस खरं बोलतोय, याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

लीड्सकर

मूळचा नाशिकरोडचा, आता इकडे. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, शाळा उघडायच्या तोंडावर, शंभराहून जास्त शाळांच्या इमारती किंवा त्यांचे भाग बंद करायला लावले. कारण होतं छतातलं हलकं वायुयुक्त काँक्रीट. १९५० ते ९० च्या दशकांत वापरलेला माल. २०१८ मध्ये केंटमधल्या एका शाळेचं छत शनिवार-रविवारी कोसळलं, मुलं नव्हती म्हणून निभावलं. हे वाचून मी तरी घरात हलकं काँक्रीट घालणार नाही.

ओळंबा

लीड्सकर, चांगलं उदाहरण, पण ते नीट लावू या. तिकडे कोसळल्या त्या छताच्या लांब पट्ट्या. आत लोखंडी गज असलेल्या, दोन टोकांना टेकलेल्या, वाकण्याचा ताण घेणाऱ्या. भिंतीतला सुटा ब्लॉक वेगळा. त्याच्यात गज नाही आणि तो वाकत नाही.

त्या पट्ट्यांत दोन गोष्टी नडल्या. हे काँक्रीट इतकं सच्छिद्र की गजाचं गंजापासून रक्षण ते स्वतः करू शकत नाही, म्हणून गजावर वेगळा लेप द्यावा लागतो. वर सपाट छताचं वॉटरप्रूफिंग गेलं, पाणी आत शिरलं, गज गंजला. दुसरं, काही ठिकाणी टोकाला टेकण्याची रुंदीच कमी ठेवलेली होती. गंज वरून दिसत नव्हता, कारण मऊ काँक्रीट गंजाचा फुगवटा आत जिरवून घेतं आणि पोपडा उडून इशारा मिळत नाही.

आपण घ्यायचं ते एवढं : हलक्या सच्छिद्र मालात उघडं लोखंड गाडायचं नाही. मिस्त्री ब्लॉकमध्ये झरी, म्हणजे खाच, मारून गज खोचतो, खिडकीच्या ग्रिलचे पाय सरळ ब्लॉकमध्ये रोवतो, हे बंद करा. गज जिथे लागेल तिथे साध्या घट्ट काँक्रीटची पट्टी करा.

जुना वाडा

विटेवर उभा यांनी पंचवटी दाखवली म्हणून लिहायला आलो. तिथल्या जुन्या वाड्यांत काय आहे माहीत आहे का? भाजलेल्या विटांचा चुरा, सुरखी. फुटक्या, पाडकामातून निघालेल्या विटा दळून चुन्यात घाण्यावर मळायच्या. भाजलेल्या चिकणमातीची बारीक पूड चुन्याबरोबर ओलाव्यात घट्ट होते, आजच्या भाषेत पोझोलाना. म्हणजे शंभर वर्षं टिकलेली जी भिंत तुम्ही दाखवता, तिच्या सांध्यात राडारोडाच आहे, फक्त निवडलेला.

दुसरं उदाहरण प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा. फुटक्या विटांचे तुकडे, हलके, उतार देणारे, उष्णता अडवणारे, वर सिमेंटचा घोटलेला थर. टाकाऊ मालाचा हलका थर उघड्यावर, उन्हापावसात कसा वागतो, याचा इतका मोठा आणि इतका जुना प्रयोग दुसरा नाही. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. वरचा घोटा शाबूत, उतार बरोबर, तोवर कोबा उत्तम. घोट्याला केसासारखी चीर पडली की खालच्या विटा पाणी पितात आणि दिवाळीनंतरही छताला ओल देत राहतात. मग माणसं त्या कोब्यावर दुसरा कोबा घालतात. स्लॅबवर आणखी वजन, आत कोंडलेलं पाणी तसंच.

विटेवर उभा

सुरखीचं बरोबर बोललात. आजोबा दळायला विटा वेगळ्या काढायचे. कच्ची, पिवळट वीट घाण्यावर जात नसे. माझं म्हणणं तेच आहे, निवड कोण करतो?

मखमलाबादकर

हाच मुद्दा धरून पुरवठादाराला फोन लावला. उत्तर : ‘सर्व प्रकारचं डेब्रिज आम्ही शास्त्रीय पद्धतीनं प्रोसेस करतो.’ म्हटलं, जिप्समचा गिलावा आणि पीओपीच्या छताचे तुकडे वेगळे काढता का? म्हणे, ‘ते किती असणार सर.’ आकुंचनाचा अहवाल मागितला तर दाबक्षमतेचाच पुन्हा पाठवला. वजनाचं म्हणाल तर पत्रकात घनता ८०० किलो प्रति घनमीटर.

ओळंबा

‘ते किती असणार’ यातच उत्तर आलं.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये बाहेरून सल्फेट आलं आणि पाणी मिळालं की सिमेंटमधल्या अॅल्युमिनेटशी जुळून एट्रिंगाइट नावाचं संयुग होतं, आणि ते जागा जास्त व्यापतं. ब्लॉक आतून फुगतो, कडा भुसभुशीत होतात, गिलाव्यावर फुगे येतात. सिमेंटमध्येही थोडं जिप्सम असतं, पण ते मोजून घातलेलं आणि सुरुवातीलाच खर्च होणारं. राडारोड्यातून आलेलं मोजलेलं नसतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत फ्लॅटमध्ये जिप्समचा गिलावा आणि पीओपीची छतं सर्रास झाली आहेत, त्यामुळे आजच्या पाडकामात ते वाढत जाणार. दगडी-चुन्याच्या जुन्या वाड्याचा राडारोडा या बाबतीत सोवळा.

खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत फोडलेल्या काँक्रीटच्या खडीला पहिल्यांदा रीतसर जागा मिळाली. एम२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या आरसीसीत जास्तीत जास्त २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम१५ पेक्षा खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. विटा-गिलावा-टाइल मिसळलेला माल फक्त लीन काँक्रीटपुरता. सल्फेटला ०.५ टक्के आणि आम्लात विरघळणाऱ्या क्लोराइडला ०.०४ टक्के मर्यादा. पाणी शोषण ५ टक्क्यांपर्यंत, आणि खडी आधी भिजवून घेणार असाल तर १० पर्यंत चालवून घेतात.

आधी भिजवायचं ते का, तर फोडलेल्या खडीला जुना मसाला चिकटून राहतो, आंब्याच्या कोयीला गर राहावा तसा. तो मसाला सच्छिद्र असतो. कोरडी खडी मिक्सरमध्ये टाकली की नव्या सिमेंटच्या वाट्याचं पाणी ती ओढून घेते, मिक्सरवाला वरून अंदाजाने पाणी ओततो आणि तिथून सगळं बिघडतं.

पाडकामाच्या जागी वर्गवारी करणं २०१६ च्या केंद्रीय नियमांतच होतं : दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टन राडारोडा करणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार ढीग वेगळे करायचे. २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत, त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे असे ब्लॉक बाजारात वाढणार. चांगलेही येतील. त्यामुळे सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका, ढीग वेगळे करणाऱ्याला शोधा.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. राडारोड्याची भुकटी एएसीत वापरता येते का, असं हल्ली विचारलं जातं. ऑटोक्लेव्हमध्ये स्फटिक व्हायला मोकळी सिलिका लागते, ती फ्लाय अॅशमध्ये किंवा क्वार्ट्झच्या वाळूत असते. नाशिकच्या काँक्रीटमध्ये खडी बेसाल्टची आणि हल्ली वाळूही बेसाल्टचीच, क्रश सँड. बेसाल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. त्यामुळे दुसऱ्या प्रदेशातले निकाल आपल्या राडारोड्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. माझ्या मते इथला काँक्रीटचा राडारोडा पोकळ ब्लॉक, पेव्हर, लीन काँक्रीट यांत जास्त चांगला खपेल, फोममध्ये ओढूनताणून घालण्यापेक्षा.

कुशावर्त

त्र्यंबकहून. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस, इगतपुरीत तीन हजारांच्या वर. आम्ही मधे, पण तुमच्यापेक्षा त्यांच्या जवळ. शहरातले ठेकेदार तेच ब्लॉक, तोच गिलावा घेऊन घाटमाथ्यावर येतात. आडगावला वाळणारी भिंत घोटीला आषाढ-श्रावणात वाळतच नाही. पश्चिमेची भिंत तर दोन-अडीच महिने सतत ओली. आमच्याकडे उघड्या पश्चिम भिंतीला दगड किंवा चांगली वीट, पडवी, पुढे काढलेलं छप्पर, आणि हलके ब्लॉक आतल्या भिंतींना. यावर मी तरी तडजोड करणार नाही. छपराची वळचण दोन फूट बाहेर काढली तर कुठलाही ब्लॉक जास्त जगेल, पण हल्ली घरं डब्यासारखी हवी असतात सगळ्यांना.

गोदाकाठ

त्यातच जोडून. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६, दोन्ही पूर पाहिलेले आहेत. सराफ बाजार, भांडीबाजार पाण्यात. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आम्ही पूर मोजतो. पूररेषेच्या आत तळमजल्यावर हलका सच्छिद्र ब्लॉक घालावा का? तिथे सध्या दुरुस्त्या चालल्यात आणि एका दुकानात असेच ब्लॉक रचलेले पाहिले.

ओळंबा

पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या उंचीपर्यंत नको. एएसी चोवीस तास बुडवला तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी सहज घेतो. तेवढ्याने तो विरघळत नाही, पण ओला ब्लॉक कोरड्यापेक्षा कमजोर असतो आणि वाळायला फार वेळ घेतो. शिवाय पुराचं पाणी गटारासकट येतं, क्षार आत राहतात आणि पुढे लोणा धरतो. दगड किंवा घट्ट काँक्रीटचा भरीव ब्लॉक, वर चुन्याचा गिलावा.

सातपूरची ताई

आमच्या बाहेरच्या भिंतीला बिल्डरने प्लास्टिकसारखा जाड वॉटरप्रूफ रंग मारलाय. आतून पोपडे येतात. रंग वॉटरप्रूफ, मग पाणी येतं कुठून?

गिलावा

ताई, खिडकीच्या कडेची फट, वरचं पॅरापेट, ड्रेनेजच्या पाइपचं भोक, एसीच्या नळीचं भोक. आत शिरायला इतक्या वाटा आणि बाहेर पडायला एकही नाही, कारण रंगाने वाफही अडवली. मग ती आतल्या बाजूने निघते आणि पुट्टी ढकलते. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला निदान एका बाजूने तरी श्वास हवा. पुढच्या वेळी आधी फटी बुजवा, पॅरापेटचा माथा बघा, मग वाफ सोडणारा रंग घ्या. इमारतीच्या सगळ्या घरांना एकत्र बसून करावं लागेल, एका फ्लॅटपुरतं होत नाही.

मखमलाबादकर

आता निर्णयाकडे येतो. भाऊ राडारोडा नकोच म्हणतोय, मी अजून पूर्ण सोडलेला नाही. घरच्या घरी काही तपासता येईल का? आणि सांगाडा आधीच उभा आहे, त्याचा या निवडीशी काही संबंध?

ओळंबा

दुसरा प्रश्न आधी, कारण तो जास्त गंभीर. तुमच्या इंजिनियरने सांगाडा कुठल्या भिंतीच्या वजनावर काढला ते आजच विचारा. विटेचं बांधकाम १,९२० किलो प्रति घनमीटर धरतात, एएसीचं त्याच्या निम्म्याहून कमी. विटेवर काढला असेल तर हलके ब्लॉक बिनधास्त घाला, मात्र लोखंडातली बचत आता मिळणार नाही. भूकंपाच्या दृष्टीने हलकं चांगलंच, २०१६ च्या भूकंप संहितेत नाशिक तिसऱ्या झोनमध्ये होतं. पण हलक्या ब्लॉकवर काढला असेल आणि भाऊ म्हणतो म्हणून तुम्ही आता लाल वीट घातली, तर बीमवर दुप्पट ओझं. ते करू नका.

घरची तपासणी अशी. ६०० × २०० × १५० मिमीच्या ब्लॉकचं घनफळ ०.०१८ घनमीटर. घनता ८०० म्हणत असेल तर कोरडा ब्लॉक १४.४ किलो भरायला हवा. गाडीच्या वरच्या, मधल्या, खालच्या थरातून ब्लॉक काढा आणि वजन करा. सतरा-अठरा भरला तर एकतर ओला आहे किंवा फेस मोडून दाट झालेला आहे. चार-पाच ब्लॉक उन्हात चांगले वाळवून पुन्हा वजन करा, मग रात्रभर बुडवा, पुन्हा वाळवा, असं आठ-दहा वेळा. कोपरे हाताने चुरडले जातात का, पृष्ठभागावर पांढरा थर येतो का, पाण्यात भुसा साठतो का, एवढं बघा. एक ब्लॉक करवतीने कापा. छिद्रं वरपासून खालपर्यंत सारखी हवीत. खाली दाट आणि वर जाळी असेल तर ओतताना फेस मोडलेला आहे. पीओपीचे पांढरे मऊ तुकडे डोळ्यांनाही दिसतात, नखाने उकरले जातात.

ही घरगुती चाळणी झाली. आकुंचन, सल्फेट आणि पाणी शोषण यांचे आकडे प्रयोगशाळेतूनच घ्या. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशा चाचण्या होतात. नमुने तुम्ही स्वतः उचला, पुरवठादाराने पाठवलेले नकोत. एवढ्या घराच्या भिंतींच्या खर्चात चाचणीचं शुल्क दिसणारही नाही.

गिलावा

माझ्याकडून कामाच्या बाजूचं. फोमचा ब्लॉक किमान २८ दिवस पिकलेला आणि त्यावर वाळलेला घ्या. ओतल्याची तारीख ब्लॉकवर रंगवलेली नसेल तर गाडी परत. खाली प्लिंथवर पहिला थर भरीव काँक्रीट ब्लॉकचा. बाथरूम-संडासच्या भिंतीखाली वीतभर काँक्रीटचा उंबरा, त्याच्यावर ब्लॉक. साधारण चार फुटांवर काँक्रीटची आडवी पट्टी. बीमखाली बोटभर जागा सोडायची आणि ती भिंत बसल्यावर, शक्य तितक्या उशिरा भरायची. कॉलमच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी जाळी. गिलावा ब्लॉकपेक्षा कडक नको. बाहेर १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू असा केला तर चुना लहानसहान हालचाल सोसतो. आणि ब्लॉक एका फळीवर, ताडपत्रीखाली ठेवा. ताडपत्रीचे पैसे द्यायला मालक कुरकुरतो, पण मी देतो ना, तुम्हीच घ्या विकत.

विटेवर उभा

मखमलाबादकर, माझं मत विचाराल तर बाहेरच्या भिंतींना वीट. पण सांगाड्याचं ओळंबा म्हणतात ते आधी.

मखमलाबादकर

इंजिनियरशी बोललो. सांगाडा एएसी धरूनच काढलाय, म्हणजे लाल वीट बाद. विटेवर उभा, माफी असावी.

बाहेरच्या भिंती आणि ओल्या जागा एएसीच्या, पहिल्या प्रतीचा अहवाल दाखवणाऱ्याकडून. राडारोड्याचे फोमचे ब्लॉक या पुरवठादाराकडून घेत नाही. त्याऐवजी कंपाउंडच्या भिंतीला आणि पार्किंगच्या खालच्या लीन काँक्रीटला फोडलेल्या काँक्रीटची खडी घ्यायची असं भावाला पटवलंय. ‘कंपाउंडला चालेल, तिथे मी झोपत नाही,’ म्हणाला. खडी देणारा विटा-गिलावा वेगळा काढतो, ढीग डोळ्यांनी बघून आलो.

एकच शंका उरली. एएसीच्या भिंतीवर गीझर टांगायचा का? प्लंबर म्हणतो साधे खिळे-गट्टू पुरतील.

गिलावा

प्लंबरला घरी पाठवा. २५ लिटरचा गीझर भरला की नुसतं पाणीच २५ किलो, वर त्याचं स्वतःचं वजन. जिथे गीझर यायचाय तिथे आत्ताच दोन-तीन भरीव काँक्रीट ब्लॉक बसवून घ्या आणि भिंतीवर खडूने खूण करून फोटो काढून ठेवा, गिलावा झाल्यावर जागा सापडत नाही. किचनच्या वरच्या कपाटांनाही तेच. बांधून झाल्यावर आठवलं तर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, पट्टीला गंजरोधक रंग.

सातपूरची ताई

हे वाचून आत्ता आमचा गीझर हलवून बघितला. हलतोय. गिलावा, विपू बघा.